रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत 'आर'. बाबांना पुन्हा भरती करायचंय, काय विचारू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. मागच्या पावसाळ्यात मोरीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. इथल्याच एका चांगल्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं (नाव विचारू नका, देणार नाही). चौथ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली. आम्ही पेढे आणायच्या बेतात. सातव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, आठव्या दिवशी बाबा मला ओळखेनात. आयसीयू. लघवीतला जंतू रक्तात गेला म्हणाले. जंतूचं नाव क्लेबसिएला.

मग कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून त्याला कुठलं औषध चालतं ते बघतात त्याचा, रिपोर्ट हातात आला. डावीकडे वीसेक औषधांची नावं, उजवीकडे एकेक अक्षर. आर, आर, आर, आर. मला आधी वाटलं, आर म्हणजे राइट. रेझिडेंट डॉक्टरांना तसं म्हटलंही. ते बिचारे खाली बघायला लागले. सगळ्यात शेवटी कोलिस्टिन, त्याच्यापुढे 'आय'. तेच दिलं, तेच लागू पडलं. पण मूत्रपिंड बिघडलं की चढतं ते क्रिएटिनिन १.१ वरून ४ वर गेलं, दोनदा डायलिसिस. ३३ दिवसांनी घरी आणलं. बिलाचं सांगत नाही. आईच्या पाटल्या गेल्या, एवढंच.

आता प्रोस्टेटचं ऑपरेशन टाळता येणार नाही. बाबा म्हणतात, "कापायला मी भीत नाही, त्या आरला भितो." तो जंतू हॉस्पिटलातला होता की आमच्याच घरचा? चूक कुणाची? आणि या वेळी भरती करताना आम्ही काय बघायचं, काय विचारायचं?

रिकामटेकडा
बाबांना दंडवत. वाचतोय.

सह्यवेडा
ताई, सरळ ग्राहक मंचात जा. मोडलं हाड आणि मरायची वेळ आणली लघवीने, हा काय प्रकार आहे? खोलीचं भाडं हॉटेलपेक्षा जास्त घेतात आणि साधी स्वच्छता नाही.

सिस्टर_पाळीवर
सह्यवेडा, चिडणं बरोबर आहे, पण दावा नेमका कुणावर लावणार? १९ वर्षं आयसीयूत काढली म्हणून सांगते. जंतू स्वतःच्या पायांनी येत नाही, त्याला कुणीतरी पोचवतं. बहुतेक वेळा आमचेच हात. रात्रपाळीला आठ बेडना आम्ही दोघी. तीन नंबरचं सक्शन (कफ ओढून काढणं) चालू असतं, तेवढ्यात पाच नंबरचा पंप ओरडतो. ग्लोव्ह्ज घातलेत म्हणजे हात स्वच्छ अशी समजूत असते. त्याच ग्लोव्ह्जनी पंपाचं बटण दाबलं, पडदा सरकवला, मग पाच नंबरच्या लाइनला हात. ग्लोव्ह्जनी माझा हात वाचतो, पेशंट नाही वाचत.

दुसरं लघवीच्या नळीचं, म्हणजे कॅथेटरचं, आणि तिच्या पिशवीचं. पेशंटला एक्सरेला न्यायचं असतं. वॉर्डबॉय ट्रॉलीवर घेतो आणि लोंबती पिशवी ठेवायची कुठे, म्हणून उचलून सरळ पेशंटच्या पोटावर. झालं, नळीतली लघवी उलटी मूत्राशयात. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली पाहिजे, पण जमिनीला टेकता कामा नये. रिकामी करायचं भांडं ज्याचं त्याला वेगळं. आणि रोज सकाळी राउंडला एकच विचारायचं, "कॅथेटर अजून लागतोय का?" पुष्कळदा उत्तर येतं, "अरे, राहिलाच की."

गोदाकाठ
सिस्टर, हात गार पडले वाचून. बाबांची पिशवी पोटावर ठेवूनच नेली होती. मीच वरून चादर घातली, लिफ्टमधले लोक बघतात म्हणून.

सिस्टर_पाळीवर
तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं? मनाला लावून घेऊ नका.

पेट्रीडिश
मी मायक्रोबायॉलॉजीत आहे, म्हणजे तो 'आर' छापणारी बाई. आधी 'आय'चा उलगडा करते, कारण त्यावरून नातेवाईक फार गोंधळतात. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आय म्हणजे अधलंमधलं. कोलिस्टिनला २०२० पासून अमेरिकी निकषांत एस द्यायचंच बंद झालंय. जास्तीत जास्त आय. औषध १९४०च्या दशकातलं. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून जवळपास अडगळीत टाकलेलं. बाकीची चालेनात तेव्हा पुन्हा काढलं. बाबांचं क्रिएटिनिन चढलं त्यात सेप्सिसचाही (रक्तात पसरलेल्या संसर्गाचाही) वाटा असणार, पण कोलिस्टिनचा हा गुण जुनाच आहे.

आता हॉस्पिटलचा की घरचा? दोन्ही. क्लेबसिएला आपल्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहतो. हॉस्पिटलात आठवडा काढला, एक-दोन अँटिबायोटिकं पोटात गेली, की आतल्या गरीब जंतूंची साफसफाई होते आणि वॉर्डातल्या माजोऱ्यांना जागा मिळते. तिथून कॅथेटर म्हणजे आयताच जिना. नळीच्या आतल्या बाजूला हे जंतू चिकट साय धरतात, तिच्या आत औषध नीट पोचत नाही. म्हणून नुसतं औषध पुरत नाही, नळी बदलावी किंवा काढावी लागते.

आणि प्रतिकार त्यांना दरवेळी नव्याने शिकावा लागत नाही. प्लाझ्मिड नावाची डीएनएची एक छोटी गोल चकती असते, तिच्यावर कृती लिहिलेली. लोणच्याची कृती शेजारणीला द्यावी तशी एक जंतू दुसऱ्याला देतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलासुद्धा. एकाच चकतीवर पाच-सहा औषधांचा बंदोबस्त असू शकतो.

रिकामटेकडा
म्हणजे आमच्या सोसायटीपेक्षा त्यांच्यात एकी जास्त.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, आमचा मामा तापात अर्धी गोळी स्वतः खाते अन् अर्धी गोऱ्ह्याले चारते. दोघंही ठणठणीत आहेत. जंतूच वारले असतील हासून.

कालव्याकाठी
गोदाकाठ, माझा उलट्या बाजूचा अनुभव. मी नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला असते. पुण्यात पित्ताशयाचं ऑपरेशन करून परतले आणि सहा आठवड्यांनी इथे सायकलवरून पडून मनगट मोडलं. भरती होताना पहिला प्रश्न, "गेल्या दोन महिन्यांत परदेशी हॉस्पिटलात राहिलात?" हो म्हटलं. दुसरा प्रश्न, "घरी डुकरं पाळता?" मला वाटलं हिचं डोकं फिरलंय. पण इथे वराहपालन करणाऱ्यांच्या नाकात एमआरएसए (पुष्कळ अँटिबायोटिकांना न जुमानणारा एक जंतू) सापडतो, म्हणून सगळ्यांनाच विचारतात.

मग मला एकटीला खोलीत ठेवलं. आत येणारा प्रत्येकजण गाऊन, मास्क, ग्लोव्ह्ज घालून. नाकात, घशात आणि नको तिथे काडी फिरवून नमुने घेतले. वाळीत टाकल्यासारखं वाटलं, रडलेसुद्धा. एमआरएसए नव्हता, पण आतड्यात ईएसबीएलवाले, म्हणजे पेनिसिलिनसारखी पुष्कळ औषधं मोडून टाकणारे, जंतू निघाले. मला काही होत नव्हतं म्हणून उपचारही नाहीत, फक्त फाइलवर खूण. एक नर्स म्हणाली, हे तुमच्यासाठी नाही, शेजारच्या खोलीतल्या आजोबांसाठी आहे. तेव्हा राग गेला.

सह्यवेडा
हेच ते! आपल्याकडून गेलेला माणूस म्हणजे रोगट. आठवतंय का २०१०? सुपरबगला, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूला, दिल्लीचं नाव देऊन मोकळे झाले. आपलं मेडिकल टुरिझम पाडायचा डाव होता, दुसरं काही नाही.

पेट्रीडिश
सह्यवेडा, तेव्हा मीही चिडले होते. पण क्रम बघा. २००८ साली स्वीडनमध्ये एक भारतीय वंशाचा रुग्ण होता, आधी दिल्लीत भरती होऊन गेलेला. त्याच्या लघवीतल्या क्लेबसिएलात नवं विकर (एन्झाइम) सापडलं, त्याला न्यू डेल्हीवरून एनडीएम-१ म्हटलं. कार्बापेनेम म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम ही आपली राखीव फळी. ती फोडणारं विकर. ऑगस्ट २०१०मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या मासिकात मोठा लेख आला आणि संसदेपर्यंत गदारोळ झाला. पण त्याआधी, मार्च २०१०मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय नियतकालिकात स्वतःच छापलं होतं, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१. आपल्याच लोकांनी, आपल्याच रुग्णांत शोधलेलं. त्याला डाव कसा म्हणणार?

नावाचं दुखणं मला मान्य आहे. मात्र याच घराण्यात वेरोनाच्या नावाचं विकर आहे, साओ पाउलोच्या नावाचं आहे, सोलच्या नावाचंही आहे.

सह्यवेडा
वेरोनाचं माहीत नव्हतं. तरी दिल्लीचंच तेवढं पेपरात येतं, हा माझा मुद्दा राहतोच.

एचए_कॉलनी
अवांतर होईल, पण राहवत नाही. आजोबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, ५५ पासून पेनिसिलिन निघायला लागलं. आजोबा फर्मेंटेशनला. घरी आले की कपड्यांना एक कुबट, भिजलेल्या धान्यासारखा वास यायचा, आजी शर्ट वेगळे भिजवायची. शेजारीपाजारी त्यांना 'पेनिसिलिनवाले' म्हणत. त्यांच्या लहानपणी त्यांचा भाऊ पायात काटा मोडून गेला होता. साधा बाभळीचा काटा. म्हणून नोकरीचा इतका अभिमान की रविवारीसुद्धा कंपनीचा बिल्ला खिशात.

गोदाकाठ यांचा रिपोर्ट वाचला आणि आजोबा आठवले. बरं झालं, हे बघायला नाहीत.

रिकामटेकडा
एचए, सुंदर. काट्याने माणूस जायचा हे आपण विसरलोच.

काउंटरपलीकडून
मेडिकल चालवतो, तालुक्याचं गाव. आता सगळे आमच्या नावाने शिमगा करतील म्हणून आधीच लिहितो. शेड्यूल एच-१ ही औषधांची सरकारी यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. ४६ औषधं होती सुरुवातीला, वरच्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं, कार्बापेनेम, टीबीची औषधं. चिठ्ठी पाहिजे, रजिस्टरला डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव पाहिजे, ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती चिठ्ठीशिवाय मागू नका म्हणून. रेघेचा अर्थ गिऱ्हाइकांपैकी एकालाही विचारून बघा.

रोजचा संवाद असा:
"दोन गोळ्या द्या त्या तीन दिवसवाल्या."
"चिठ्ठी?"
"मागच्या वेळची आहे की घरी."
"मागचा ताप मागे गेला, काका."
"मग पलीकडच्याकडे जातो."
आणि जातात. पलीकडचा देतो. महिनाअखेरीस माझं भाडं पलीकडचा भरत नाही. मी धुतल्या तांदळाचा आहे असं म्हणत नाही. पण सगळा दोष काउंटरवर टाकू नका.

सुईदोरा
काउंटरपलीकडून, मग आमच्याकडचाही दोष ऐका. सर्जन आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी. स्वच्छ ऑपरेशनला चीर द्यायच्या आधी तासाभरात सेफॅझोलिनसारखं साधं औषध एकदा दिलं की बहुतेक वेळा काम होतं. हे मला पाठ आहे, विद्यार्थ्यांना शिकवतोही. तरी कित्येक वर्षं मी पाच दिवस भारी इंजेक्शनं लिहिली. का? टाक्यात पू झाला तर नातेवाईक विचारणार, "एवढं ऑपरेशन आणि साधं अँटिबायोटिकही दिलं नाही?" गाव लहान आहे, नाव जायला एक जखम पुरते. वॉर्डातले जंतू पोसण्यात त्या भीतीचा वाटा मोठा.

सह्यवेडा
डॉक्टर, हे उघड लिहिल्याबद्दल मानलं तुम्हाला. पण कोर्स अर्धवट सोडल्यामुळेच जंतू माजतात ना? मग पाच दिवस देणं चुकीचं कसं?

सुईदोरा
हा मोठा घोळ आहे. संसर्ग झालाय तिथे उपचार आणि झालेला नसताना 'असू दे' म्हणून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी. आणि खऱ्या संसर्गातही 'कोर्स पूर्ण करा' हे सरसकट खरं नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर चांगला वाद झाला. औषध जितके जास्त दिवस, तितकी आतड्यातल्या बाकी जंतूंना तालीम जास्त. न्यूमोनियाला आता पुष्कळदा पाच दिवस पुरतात. टीबी मात्र वेगळा. तिथे एकही गोळी चुकवायची नाही. थोडक्यात, किती दिवस हे लिहिणाऱ्याने ठरवायचं, पट्टीने नाही आणि शेजारच्या काकांनी तर नाहीच.

पेट्रीडिश
फ्लेमिंगने १९४५च्या नोबेल भाषणातच याची गोष्ट सांगितली होती. एका मिस्टर एक्सचा घसा दुखतो, तो पेनिसिलिन घेतो, पण कमी घेतो. जंतू मरत नाहीत, शिकतात. मग तो संसर्ग बायकोला होतो, तिला पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ती जाते. एक्स महाशय मात्र बरे.

२०१९ या एका वर्षात जगभरात साधारण १२ लाख ७० हजार मृत्यू थेट या प्रतिकारामुळे झाल्याचा अंदाज लॅन्सेटमध्ये आला होता. म्हणजे सौ. एक्स आता एकटी नाही.

आजीचा_बटवा
आमच्या आजीचं सोवळं होतं, हात लावू द्यायची नाही कुणाला. तेच खरं इन्फेक्शन कंट्रोल! पूर्वजांना सगळं ठाऊक होतं.

सिस्टर_पाळीवर
सोवळ्यात हात कुणाला लावू द्यायचा नाही ते आधी आठवा. शिवाय साबण नव्हता.

रिकामटेकडा
सिस्टर _/\_
डॉक्टरांनाही साबण उशिराच सुचला म्हणा. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस सांगत होता, शवविच्छेदन करून बाळंतिणीकडे जाताना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवा. बाळंतिणी मरायच्या थांबल्या, पण डॉक्टरांना राग आला तो आलाच.

सातारी_अंडं
पोल्ट्रीवाल्यांचं कुणी काढलं नाही अजून, नवल आहे. मीच काढतो. पिल्लं लवकर वजन धरावीत म्हणून खाद्यात कोलिस्टिन मिसळायची पद्धत होती. तेच, बाबांना शेवटी दिलेलं. जुलै २०१९मध्ये केंद्राने जनावरांसाठी बंद केलं. आमच्याकडे तेव्हा डबे पडून होते. मला तोवर ते माणसाला देतात हेच माहीत नव्हतं, पिल्लांचं टॉनिक समजायचो.

गोदाकाठ
सातारी, हे वाचून कसंतरीच झालं. पण सांगितलंत ते बरं.
नवीन काही औषध निघालंय का? आणि माझा मूळ प्रश्न तसाच आहे हो, पुढच्या सोमवारी भरती.

पेट्रीडिश
निघतायत, पण थेंबाथेंबाने. नोव्हेंबर २०२४मध्ये वॉकहार्टचं नॅफिथ्रोमायसिन आलं, भारतात शोधलेलं. पण ते न्यूमोनियासाठी, बाबांच्या कामाचं नाही. एनडीएमवाल्या जंतूला सेफ्टाझिडिम-अविबॅक्टमबरोबर अझट्रिओनाम अशी जोडी वापरतात. महाग आहे. वेळ न येवो.

आता भरतीचं. जुना कल्चर रिपोर्ट फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि भरतीच्या काउंटरवरच सांगा, हा जंतू बाबांच्या अंगात अजून असू शकतो. लोक लपवतात, खोली मिळणार नाही म्हणून. लपवू नका, त्यावरून औषध ठरतं.

सुईदोरा
आणि प्रोस्टेटच्या ऑपरेशनआधी लघवीचं कल्चर झालंच पाहिजे. एरवी त्रास नसताना लघवीत जंतू निघाले तर औषध द्यायचं नसतं, म्हाताऱ्या माणसांना त्यापायी उगाच अँटिबायोटिकं मिळतात. पण मूत्रमार्गातून दुर्बीण घालून कापायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी बघून, जो जंतू असेल त्याला धरून औषध द्यायचं. नंतर कॅथेटर दोन-तीन दिवस लागेलच, मूत्राशय धुण्याचं पाणी चालू असतं. पण तो कधी काढणार हे ऑपरेशनच्या दिवशीच विचारून ठेवा.

सिस्टर_पाळीवर
पलंगावर पाहुण्यांना बसू देऊ नका. चौदा जण, चौदा पिशव्या, शहाळी, आणि सगळ्यांना बाबांचे पाय चेपायचे असतात. एकच माणूस ठेवा. हात चोळायची बाटली पायथ्याला नसेल तर मागून घ्या. आम्ही विसरलो तर खुशाल टोका, "सिस्टर, हात." राग येतो एक सेकंद. मग येत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, आमच्या बाबांले इकून नमस्कार सांगा. अन् मामाले म्या हा धागा वाचून दाखवला. म्हणते, "मंग गोऱ्ह्याले पुरी गोळी द्याव का?"

गोदाकाठ
(तीन आठवड्यांनी)
मंडळी, उशीर झाला, माफ करा. ऑपरेशन झालं, आम्ही घरी आहोत.

कल्चर आधी केलं. या वेळी क्लेबसिएला नाही, ई. कोलाय निघाला, आणि रिपोर्टवर सात ठिकाणी एस. मी दोनदा मोजले. त्यातलंच एक साधं इंजेक्शन दिलं. जुना रिपोर्ट मी काउंटरवर दाखवला तेव्हा तिथल्या मुलीने खुर्ची मागे सरकवली, पण इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर येऊन काडी फिरवून नमुना घेऊन गेल्या. जुना पाहुणा आतड्यात अजून आहे म्हणे. म्हणून कोपऱ्यातली एकाची खोली, दारावर पिवळा कागद. बाबा म्हणाले, "टाकलं का मला वाळीत?" मग त्यांना कालव्याकाठी यांची शेजारच्या आजोबांची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "शेजारी कोण आहे?" बघून आले, सत्तरीचेच एक गृहस्थ होते, येवल्याचे.

एक्सरेला नेताना पिशवी मी हातात धरली, गुडघ्याच्या खाली, वाकून. लिफ्टमध्ये सगळे बघत होते. बघू देत. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅथेटर निघाला. मी विचारायच्या आत बाबांनीच विचारलं होतं.

एकच गडबड झाली. आत्या सप्तशृंगीचा अंगारा घेऊन आली आणि थेट बाबांच्या कपाळाकडे हात नेला. बाबा म्हणाले, "आधी हात धू." तेव्हापासून ती बोलत नाहीये. बहात्तर वर्षांची आहे, अशी पटकन ऐकणार नाही.

सिस्टर_पाळीवर
अंगारा पुडीतच राहू द्या उशाशी, म्हणजे दोघांचंही राहील.

रिकामटेकडा
आत्यांना धाग्याची लिंक पाठवा. सोवळ्याची प्रतिक्रिया सोडून.